साठ हजार रुपये आणि एक रिकामा स्लॉट

आईची भिशी लागली आणि आमच्या घरात एकदम तीन अर्थमंत्री झाले. पप्पांना गाडीचे टायर बदलायचे होते. आईला फ्रिज हवा होता. आणि माझ्या धाकट्या भावाने, जो यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, भिंतीवर चक्क एक कागद चिकटवला होता : गेमिंग पीसी, ६० हजार.

लोणी काळभोरमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे संध्याकाळी करण्यासारखं फारसं काही नसतं. सोलापूर हायवेवर टँकरची रांग बघा, नाहीतर लोणी स्टेशन चौकात चहा प्या. कॉलेजच्या आसपास कॅफे झालेत, पण तिथे रोज जायचं म्हटलं तर खिसा ओरडतो. भावाचे मित्र कुठे कुठे पांगलेत. एक नाशिकला, एक हडपसरला, दोघं कोल्हापुरात. रात्री नऊला सगळे भेटतात ते ‘व्हॅलोरंट’मध्ये. हा मात्र पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवर. समोरचा दिसायच्या आत गोळी लागलेली असते.

पप्पा तेल डेपोतून टँकर चालवतात. त्यांच्यासाठी ‘गेमिंग’ म्हणजे मोबाइलवर दिसणाऱ्या रमीच्या जाहिराती. ‘‘त्यात माणसं जमिनी विकतात,’’ ते म्हणाले. मग मी जर्नालिझमचं शिक्षण कामाला लावलं. त्यांना सांगितलं, की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता दिली. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पप्पांनी ऐकून घेतलं आणि अट घातली : ‘‘साठ म्हणजे साठ. वर एक रुपया नाही, हप्ता नाही. आणि काय घेतलं, का घेतलं, हे मला समजलं पाहिजे.’’

हा लेख त्या शेवटच्या अटीतून आलाय.

गणपतीतलं कोटेशन, डिसेंबरातलं कोटेशन

खरं तर भावाने कोटेशन गणपतीतच काढून ठेवलं होतं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, मॉनिटरसकट एकूण एकोणसाठ हजार आणि काहीतरी. बजेटमध्ये एकदम फिट. फक्त तेव्हा पैसे नव्हते.

भिशी लागली डिसेंबरात. त्याच दुकानात, तीच यादी घेऊन गेलो. आकडा सडुसष्ट हजारांच्या पुढे. आम्हाला वाटलं, दुकानदार फसवतोय. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथेही तेच. जी रॅम गणपतीत साडेतीन हजारांना होती, ती दहा हजारांच्या घरात पोचली होती. एसएसडीही महागली होती.

कारण पुण्यात नव्हतंच. जगात मेमरी चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि तिथे पैसाही जास्त मिळतो, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने आपल्यासारख्या ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकायचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपण चॅटबॉटकडून असाइनमेंट लिहून घेतो, त्याचं थोडं बिल असं रॅमच्या किमतीतून येतं म्हणायचं.

आता आमच्यापुढे प्रश्न होता, की सात-आठ हजार कुठे कापायचे?

दुकानदाराचा सल्ला

‘‘सोपं आहे,’’ काउंटरवरचे काका म्हणाले. ‘‘एसएमपीएस लोकल टाका. कॅबिनेटबरोबरच येतो. तीन-चार हजार तिथेच वाचले.’’

एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतल्या विजेचं कॉम्प्युटरला चालेल अशा विजेत रूपांतर करणारा डबा. त्याने एकही फ्रेम वाढत नाही, तो चमकत नाही, मित्रांना दाखवता येत नाही. त्यामुळे बजेट कापताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. माझ्या वर्गातल्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. सेमिस्टरच्या मधोमध एक दिवस ‘फट्’ असा आवाज आला, जळका वास सुटला, आणि एसएमपीएसबरोबर मदरबोर्डही गेला. वाचवलेले तीन हजार त्याला चौदा हजारांना पडले.

बरं, मोठा घ्यायचा तर किती मोठा? दुकानात ७५० वॉट, ८५० वॉट असं काहीही सुचवतात. हिशोब मात्र साधा आहे. आरएक्स ६६०० हे कार्ड साधारण १३२ वॉट घेतं. रायझन ५ ५६०० ची अधिकृत पातळी ६५ वॉटची, जोरात चालला तर थोडी वर. म्हणजे दोन्ही मिळून सव्वादोनशेच्या आसपास. बाकी पंखे, डिस्क वगैरे धरूनही चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरून उरतो. डब्यावरचं ‘८० प्लस’ म्हणजे तो किती कमी वीज वाया घालवतो त्याचं प्रमाणपत्र. तो टिकाऊ आहे याची ती हमी नव्हे. ती हमी वॉरंटीच्या वर्षांत बघायची. पाच वर्षं देणारी कंपनी स्वतःच्या मालाबद्दल काहीतरी जाणून असते.

मी हे सगळं पप्पांना समजावत होते. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. ‘‘इंजिन कितीही भारी असू दे, ब्रेक हलका घालून घाट उतरायचा नसतो. पुढे बोल.’’

आधी ‘काय खेळणार?’, मग ‘काय घेणार?’

यूट्यूबवर ‘बेस्ट पीसी’चे शेकडो व्हिडिओ आहेत. गोंधळ असा, की ते पार्टपासून सुरू होतात. आपण सुरुवात करायची ती आपल्यापासून.

कुठली गेम खेळणार? ‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर-स्ट्राइक’ यांसारख्या स्पर्धात्मक गेम्स मुद्दाम साध्या मशीनवर चालाव्यात अशा बनवतात. ‘व्हॅलोरंट’ १४४ फ्रेम्सच्या वर चालवायला कंपनी स्वतः जे ग्राफिक्स कार्ड सुचवते, ते जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ चं. याउलट ‘सायबरपंक’सारख्या भल्यामोठ्या शहरात फिरवणाऱ्या गेमला ताकदीचं कार्ड लागतं. तिथे बजेटचा तिसरा हिस्सा एकट्या कार्डाला गेला तरी तो योग्यच.

मॉनिटर कुठला? फुल एचडी म्हणजे पडद्यावर साधारण वीस लाख सत्तर हजार ठिपके. फोरके म्हणजे त्याच्या बरोबर चौपट. दर सेकंदाला साठ वेळा एवढे ठिपके रंगवायचं काम कार्डाचं. बजेट टाइट असेल तर फुल एचडीवर थांबा. मॉनिटरवर लिहिलेले ‘हर्ट्झ’ म्हणजे तो सेकंदाला किती चित्रं दाखवू शकतो ते. मशीन ७० फ्रेम्स देत असेल तर १८० हर्ट्झच्या मॉनिटरवर त्या ७०च दिसणार.

आणि गेम सोडून काय करणार? भावाला प्रोग्रॅमिंग आणि कॅड लागणार होतं. मला अधूनमधून व्हिडिओ एडिट करायचे होते. (भिशीत माझाही वाटा आहे, हे मी घरात ऐकवून ठेवलंय.)

त्याच्या उत्तराने आम्ही दोघंही गप्प झालो. तो खरंच जे रोज खेळतो, ते ‘व्हॅलोरंट’. मोठ्या गेम्स त्याला खेळायच्या आहेत, ‘कधीतरी’. मग या ‘कधीतरी’साठी आज वीस हजारांचं कार्ड घ्यायचं आणि ते परवडावं म्हणून एसएमपीएस हलका करायचा, रॅम अर्धी करायची?

‘आय-सेव्हन, आरजीबी, फक्त पंचवीस हजार!’

मधल्या काळात एक मोह झाला. तयार गेमिंग पीसी : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, चार रंगीत पंखे, पंचवीस हजार. भाऊ पार विरघळला.

नाव आय-सेव्हन होतं, पण पुढचा आकडा विचारला तेव्हा कळलं, की तो आय-सेव्हन ३७७० होता. म्हणजे २०१२ सालचा. चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ मध्ये आलेला आय-थ्री १२१०० एफ, त्यालाही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण तो त्याला आरामात मागे टाकतो. नावातला तीन-पाच-सात हा त्या बॅचमधला नंबर. बॅच कुठली, हे त्यापुढच्या आकड्यांत असतं. गल्लीतल्या क्रिकेटमधला कॅप्टन आणि रणजी टीममधला बारावा खेळाडू यांची तुलना ‘कॅप्टन’ या शब्दावरून करायची नसते.

यात आणखी एक गोम आहे. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि एवढा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाही. शिवाय ‘व्हॅलोरंट’ला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतं. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घ्यायचं, तिच्यासाठीच रोज झगडायचं.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षरही वाचा. इंटेलच्या नावात ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार. एएमडीच्या ५६००मध्येही ते नाही, पण ५६००जी मध्ये आहे. एका ‘जी’ने आमचं पुढचं सगळं गणित बदललं.

सेकंड हँडचा विचार

जुनं कार्ड घेऊन पैसे वाचवायचा पर्यायही पाहिला. तो वाईट नाही, फक्त डोळे उघडे ठेवायला लागतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खणणं’ बंद झालं. त्यानंतर रात्रंदिवस राबवलेली खूप कार्डं बाजारात आली. सगळी खराब नसतात, पण पंखे घासलेले, थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. काही कार्डं तर बनावट. आत जुनी चिप, नाव मात्र नव्या कार्डाचं. ‘जीपीयू-झेड’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच नकली कार्डं पकडतं.

आम्ही हडपसरला एक कार्ड पाहायला गेलो. विकणाऱ्याला म्हटलं, अर्धा तास गेम चालवून दाखवा. तो म्हणाला, पीसी खोललाय, घरी नेऊन लावा, चालतंच. आम्ही चहा पिऊन परत आलो. चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा नियम आम्ही तिथेच केला.

रिकामा स्लॉट

शेवटी ठरलं ते असं. ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचंच नाही. ग्राफिक्स पोटात असलेला रायझन ५ ५६००जी घ्यायचा. सहा कोअर, बारा थ्रेड. बाकी सगळं असं घ्यायचं, की उद्या कार्ड आलं तर एक स्क्रूसुद्धा बदलावा लागू नये. आमचं बिल, आकडे गोल करून :

प्रोसेसर १२,५००. बी५५० मदरबोर्ड ८,०००. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम १०,०००. एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबी ५,०००. एसएमपीएस ५५० वॉट ४,८००. जाळीचं कॅबिनेट ३,२००. चोवीस इंची, १०० हर्ट्झचा मॉनिटर ८,०००. कीबोर्ड-माउस १,५००. यूपीएस ३,५००. एकूण ५६,५००.

यात तडजोड आहे, ती लपवत नाही. ५६००जीची कॅश मेमरी ५६००च्या निम्मी आहे आणि तो जुन्या पीसीआय ३.० वर चालतो. पुढे कार्ड लावलं तरी साध्या ५६००एवढी मजल तो मारणार नाही. एएम४ हा सॉकेटही म्हातारा झालाय. एएमडीने २०२२ मध्ये एएम५ आणला. पण एएम५ला महागडी डीडीआर५ रॅम लागते, आणि या रॅमच्या दुष्काळात ते आमच्या आवाक्याबाहेर होतं.

रॅम मात्र एक सोळाची न घेता दोन आठच्या घेतल्या. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात असलं, की ते स्वतःची वेगळी मेमरी नसल्याने हीच रॅम वापरतं. दोन काड्या म्हणजे दोन रस्ते. एकाच काडीवर तेच मशीन गेममध्ये चांगलंच मंदावतं.

यूपीएसवरून घरात वाद झाला. भाऊ म्हणाला, त्या पैशांत कीबोर्ड चांगला येईल. पण आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते आणि उरलेल्या दिवशी ती डोळे मिचकावते. विषय तिथेच संपला. आणि जाळीचं कॅबिनेट? समोरून काचबंद असलेलं दिसायला मस्त असतं, पण एप्रिल-मेमध्ये आत हवाच शिरत नाही. हायवेची धूळ जाळीवर बसते, ती महिन्यातून एकदा ब्रशने काढायची. तेवढं काम भावाला जमेल.

विंडोजचा खर्च ‘बजेट पीसी’च्या हिशोबात फार कुणी धरत नाही. आधी कॉलेजमध्ये विचारा. काही कॉलेजांकडे विद्यार्थ्यांसाठीचे परवाने असतात. लिनक्स फुकट आहे, पण ‘व्हॅलोरंट’ त्यावर चालत नाही.

हॉलमधलं ऑपरेशन

दुकानात जोडून मिळत होतं. पण भावाला स्वतःच्या हाताने करायचं होतं. रविवारी सकाळी हॉलमध्ये सतरंजी गुंडाळून ठेवली, टेबल पुसलं, आईने देवघरातली उदबत्ती मशीनभोवतीही फिरवली.

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. केसासारख्या बारीक. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि अलगद सोडायचा, दाबायचं नाही. भावाने श्वास रोखला होता. मला वाटतं, बारावीच्या निकालालाही त्याने एवढा रोखला नसेल. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. वायरींची गुंतवळ. तीन तास गेले.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. आई फ्रिजबद्दल काही म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण. पप्पा पुढे सरकले. त्यांना पार्टची नावं येत नाहीत, पण बॅटरीची वायर कुठे असायला हवी ते कळतं. ‘‘हे वरच्या कोपऱ्यातलं तोंड मोकळं का आहे?’’ त्यांनी विचारलं. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर. आम्ही लावलीच नव्हती.

ती लावली. बटण दाबलं. थोडा वेळ गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. त्यानंतर पप्पांनी तीन वेळा सांगितलं, की मशीन त्यांनी चालू केलं.

बायोसमध्ये जाऊन दोन गोष्टी केल्या : रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते, आणि टीपीएम तपासलं. मग विंडोजमध्ये मॉनिटर साठ हर्ट्झवरून शंभरवर आणला. ही शेवटची गोष्ट कित्येक जण वर्षभर करतच नाहीत.

आता ‘व्हॅलोरंट’ कमी सेटिंगवर शंभर फ्रेम्सच्या पुढे चालते. हरला तर लॅपटॉपला दोष देता येत नाही, ही भावाची नवी अडचण आहे. उरलेल्या साडेतीन हजारांतून त्याने पहिली गेम विकत घेतली ती ‘राजी’. नॉडिंग हेड्स गेम्स या आपल्या पुण्याच्याच छोट्या टीमने बनवलेली. त्यांचा क्राउडफंडिंगचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी २०२० मध्ये त्यांनी ती गेम जगभर पोचवली. पडद्यावर घागरा घातलेली मुलगी राक्षसांशी लढताना बघून आई भाजी निवडायची थांबली. ‘‘हे पुण्यात केलं?’’

पप्पांचा प्रश्न वेगळा होता : लाइट बिल. शंभर वॉट धरा, दिवसाला चार तास, महिन्याला बारा युनिट. त्यांनी मान हलवली. मग कॅबिनेटच्या काचेतून आत बघत विचारलं, ‘‘ही मधली जागा रिकामी का?’’

‘‘तिथे कार्ड बसणार आहे पप्पा. पुढच्या वर्षी. मी साठवतोय,’’ भाऊ म्हणाला.

सुट्टीत त्याने शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवायला घेतलंय. भिंतीवरच्या जुन्या कागदावर आता नवा आकडा आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय : आधी आईचा फ्रिज.

दुकानात जाण्याआधी

– रोज खेळता त्या तीन गेम्स कागदावर लिहा. त्यांच्या कंपनीने सांगितलेली सिस्टिम रिक्वायरमेंट वाचा. यादी त्यावरून करा.

– निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. त्यात ‘१६ जीबी रॅम’ असं मोघम नको, कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर हवा. एसएमपीएसचा तर हवाच.

– बिल पक्कं घ्या. ‘जीएसटी नको असेल तर कमी करतो’ म्हणतील. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, मोह होतो. पण कच्च्या बिलावर वॉरंटीसाठी भांडता येत नाही.

– प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच आहे ना, बघा. सुट्या ‘ट्रे’ मालाची वॉरंटी वेगळी असू शकते.

– सगळ्या पार्टच्या सिरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. खोकी निदान वर्षभर फेकू नका, आई कितीही म्हणाली तरी.

– पैसे कमी पडले तर एखादा पार्ट पुढे ढकला. एसएमपीएस आणि मदरबोर्ड हलके करू नका.